खेडा खरेदीचा व्यापारी, कमरेचं पिस्तूल आणि कायदा

पारोळा तालुक्यातल्या एका कापूस व्यापाऱ्याचा प्रश्न आहे. हंगामात ते खेडा खरेदी करतात. सकाळी बँकेतून रोकड काढायची, मोटरसायकलवर गावं फिरायची, शेतकऱ्याच्या दारात काटा लावायचा, माल पिकअपमध्ये भरून जिनिंगला रवाना करायचा आणि दिवेलागणीनंतर उरलेले पैसे घेऊन घर गाठायचं. त्यांच्या ओळखीतल्या एका व्यापाऱ्याला एरंडोल–कासोदा पट्ट्यात मागून गाडीची धडक देऊन पाडलं, डोळ्यांत मिरची पूड फेकली आणि बॅग नेली. तेव्हापासून यांची झोप उडाली आहे. लायसन मिळेल का, कोणतं हत्यार घ्यावं आणि वेळ आलीच तर गोळी झाडून मी सुटेन का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. शिवाय एक मित्र म्हणतो, लायसनच्या भानगडीत पडू नको, उमर्टीहून तीस हजारात घोडा, म्हणजे गावठी पिस्तूल, आणून देतो. घरी बायकोचा हत्यारालाच विरोध. शेवटी त्यांनी लिहिलंय, ‘आते काय करानं, वकीलसाहेब?’

मी जिल्ह्यात फौजदारी वकिली करतो. हत्याराच्या परवान्यांची प्रकरणं चालवतो, नाकारलेल्या परवान्यांची अपिलं नाशिकला विभागीय आयुक्तांपुढे नेतो. आणि रस्तालुटीच्या खटल्यांत फिर्यादीच्याही बाजूची कागदपत्रं पाहिली आहेत, आरोपींच्याही बाजूने उभा राहिलो आहे. म्हणून उत्तर जरा लांबेल, दादा, पण नीट वाचा.

आधी माझं मत सांगून टाकतो. मळ्यात, गावाबाहेर एकट्या वस्तीवर राहणाऱ्या कुटुंबाने घरात परवान्याची दुनळी ठेवायची म्हटली तर मी सहसा अडवत नाही. पण मोटरसायकलवर, अंगावर रोकड आणि कमरेला पिस्तूल लावून फिरायचं, याला माझा विरोध आहे. हत्यार वाईट म्हणून नाही. तुमच्यावर येणाऱ्या संकटाला ते पुरं पडत नाही म्हणून.

संकट कसं येतं ते बघा. रस्तालुटीच्या दोषारोपपत्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, ती म्हणजे टीप. अमुक माणूस अमुक वाराला बँकेतून पैसे काढतो, बॅग डिकीत ठेवत नाही, टाकीवर ठेवतो, फरकांडे फाट्यावर चहाला थांबतो, ही माहिती कुणीतरी ओळखीचाच पुरवतो. कधी काढून टाकलेला ड्रायव्हर, कधी हमाल, कधी बँकेसमोर टपरीवर बसून राहणारा. म्हणजे जागा त्यांनी निवडलेली, वेळ त्यांनी निवडलेली, आणि तुमच्याकडे हत्यार आहे ही बातमीही त्यांच्यापर्यंत पोचलेली. खेड्यात लायसन लपत नाही. पोलीस चौकशीला आले त्याच दिवशी सगळ्या गल्लीला कळतं. मग पहिला वार आणखी जोरात बसतो, कारण तुम्हाला हात हलवू द्यायचा नाही हे आधीच ठरलेलं असतं.

अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या पोलीस दलातले प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी 1983 मध्ये एक साधी गोष्ट मांडली. चाकू घेतलेला माणूस 21 फुटांवरून, म्हणजे साधारण साडेसहा मीटरवरून, दीड सेकंदात तुमच्या अंगावर येतो. सराव असलेल्या पोलिसालाही म्यानातून पिस्तूल काढून नेमकी गोळी झाडायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. हे झालं समोरून येणाऱ्याचं, आणि दोन पायांवर सावध उभ्या असलेल्या पोलिसाचं. तुमच्यावर येणारा मागून येतो, तुम्ही गाडीवर असता, दोन्ही हात हँडलला.

एक करून बघा. अंगणात मोटरसायकल स्टँडवर लावा. मोबाइल कमरेला खोचा, वरून शर्ट, त्यावर थंडीतलं जाकीट, चेन लावलेली. हेल्मेट घाला, गाडीवर बसा, हँडल धरा. मुलाला मागे उभं करा आणि कधीही खांद्याला धक्का दे म्हणून सांगा. धक्का बसल्यापासून मोबाइल हातात येऊन समोर रोखला जाईपर्यंत काय काय होतं ते स्वतः अनुभवा. चेन अडकते, शर्ट हातात येतो, गाडी कलंडू लागते आणि हात आपोआप गाडीच सावरायला जातो. यात अजून तुमच्या डोळ्यांत मिरची गेलेली नाही. बॅग त्यांना हवी असते, जीव बहुतेकदा नको असतो. पण अर्धवट बाहेर आलेलं पिस्तूल दिसलं की त्यांचा हेतू बदलतो, आणि झटापटीत ते कुणाच्या हातात राहील हे कुणीच सांगू शकत नाही. तुमच्या बॅगेबरोबर परवान्याचं हत्यारही गेलं तर पुढची चौकशी तुमचीच.

आता लायसनचं. आपल्याकडे हत्यार बाळगणं हा हक्क नाही, परवाना आहे. संविधान सभेत 1948 च्या डिसेंबरात ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती आणली होती. काँग्रेसच्या 1931 च्या कराची ठरावात तो हक्क होता, आणि इंग्रजांनी 1878 च्या कायद्याने देश निःशस्त्र केल्याचा राग तेव्हाच्या पिढीत ताजा होता. डॉ. आंबेडकरांनी दुरुस्ती मान्य केली नाही आणि ती पडली. ‘स्वसंरक्षण माझा मूलभूत हक्क, मग बंदूक का नाही?’ असं कुणी तावातावाने बोलू लागलं की मी एवढंच सांगतो की हा वाद देशाने तेव्हाच निकालात काढलाय. स्वतःचा बचाव करण्याचा हक्क कायद्यात भरभक्कम आहे. त्यासाठी अमुक साधन मिळालंच पाहिजे, असा हक्क नाही.

1959 च्या शस्त्र कायद्यातलं कलम 13 मात्र वाचण्यासारखं आहे, आणि परवाना मागणारे बरेच जण ते वाचतच नाहीत. गुळगुळीत नळीची, किमान 20 इंच नळी असलेली बंदूक, म्हणजे आपली साधी बारा बोअर, संरक्षणासाठी मागितली तर अडचणीचं काही कारण नसताना परवाना द्यावा, असा त्या कलमाचा सूर आहे. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरला मात्र ‘सबळ कारण’ दाखवावं लागतं. 2016 च्या नियमांत धंद्याच्या स्वरूपामुळे जिवाला किंवा मालमत्तेला संरक्षणाची खरी गरज असलेला माणूस बसतो, तेव्हा रोकड बाळगणारा व्यापारी अर्ज करू शकतो. पण नुसतं ‘व्यापारी आहे, भीती वाटते’ एवढ्यावर जिल्हाधिकारी कार्यालयातली गृह शाखा फाइल पुढे सरकवत नाही. पूर्वी घडलेल्या घटनेची फिर्याद, धमकीची नोंद, बँकेतून रोकड काढल्याचे उतारे, आयकर विवरणपत्रं, बाजार समितीचा परवाना, हे सगळं लागतं. शिवाय शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा दाखला, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि घरात ते सुरक्षित ठेवण्याची सोय. पोलीस अहवाल येतो, त्यात तुमच्यावरचे गुन्हे तर पाहतातच, शेताच्या बांधावरून भावकीत वाद आहे का हेही पाहतात. आणि ते पाहायलाच हवं. परवाना नाकारला तर कारणं लेखी मागा, मुदतीत अपील करा.

2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. नागरिकाला .32 बोअरचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मिळू शकतं. 9 मिमी मनाई बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला न मिळणाऱ्या हत्यारांत, मोडतं. सिनेमात बघून कुणी ‘नाइन एमएम’ मागायला येतो, त्याला मी चहा पाजून परत पाठवतो. सरकारी कारखान्यातलं हत्यार स्वस्त नसतं. कानपूरचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर 2014 मध्ये, 2012 च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर महिलांसाठी म्हणून बाजारात आलं तेव्हाच त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. वजन अर्धा किलो. ज्या बाईला रात्रीच्या एसटीने धुळ्याहून शिरपूरला जायचंय, तिला सव्वा लाखाचं रिव्हॉल्व्हर हा उपाय सांगणाऱ्याने तो मनापासून सांगितला असेल असं मला तेव्हाही वाटलं नाही.

हत्यार मिळाल्यावरही ते तुमच्या मर्जीने कमरेला राहत नाही. निवडणूक लागली की छाननी समितीच्या निर्णयानुसार ते ठाण्यात जमा करावं लागू शकतं, आणि आपल्याकडे कापसाच्या हंगामात कसली ना कसली निवडणूक लागतेच. म्हणजे ज्या महिन्यांत तुम्हाला भीती, नेमकं तेव्हाच हत्यार ठाण्याच्या कपाटात, असंही होऊ शकतं. आणि हळदीच्या रात्री डीजेपुढे हवेत बार काढायचा शौक असेल तर तो आधी सोडा. इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्या अशा गोळीबाराला 2019 पासून वेगळं कलम आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना जातो तो वेगळाच.

तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. गोळी झाडली तर सुटाल का?

भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 हा स्वसंरक्षणाचा भाग आहे. जुन्या दंडसंहितेत 96 ते 106 होता, मजकूर बराचसा तोच. कलम 38 सांगतं की मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती वाटावी असा हल्ला, बलात्काराच्या किंवा अपहरणाच्या हेतूने केलेला हल्ला, ॲसिड फेकणं अशा प्रसंगांत समोरच्याचा जीव गेला तरी तो बचावच. कलम 41 मालमत्तेचं आहे. जबरी चोरी आणि सूर्यास्तानंतर-सूर्योदयापूर्वीची घरफोडी यांत हा हक्क जीव घेण्यापर्यंत जातो. म्हणजे कायदा तुम्हाला मान खाली घालून मार खायला सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2010 च्या दर्शन सिंग निकालात हा हक्क संकुचित नजरेने पाहू नये, असंच बजावलं आहे.

अडचण पुढे आहे. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. आणि हा हक्क किती वेळ टिकतो हे कलम 43 ठरवतं. जबरी चोरीत मृत्यूची, दुखापतीची किंवा अडवून ठेवण्याची तात्काळ भीती आहे तोवर. बॅग घेऊन ते गाडीवर बसले, तुमच्याकडे पाठ करून निघाले, आणि तुम्ही रस्त्यावर पडल्या-पडल्या पिस्तूल काढून झाडलं. गोळी त्याच्या पाठीत. शवविच्छेदन अहवालात ‘प्रवेश जखम पाठीवर’ एवढी एक ओळ आली की सरकारी वकिलाचं निम्मं काम तिनेच करून ठेवलेलं असतं. बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर, म्हणजे तुमच्यावर. तो सरकार पक्षाइतका जड नसतो, शक्यतेच्या पारड्यावर तोलला जातो, पण उचलायचा तुम्हीच.

आणि त्या आधीचं कुणी सांगत नाही. गोळी झाडल्यावर पहिले काही तास तुम्ही फिर्यादी आहात की आरोपी हे कुणालाच ठाऊक नसतं. हत्यार जप्त होतं. रिकाम्या पुंगळ्या बॅटरीच्या उजेडात शोधतात, पाकिटात घालून लाखेचं सील करतात. तुमच्या हातांवरचे बारुदाचे अंश कापसाच्या बोळ्याने टिपून घेतात. रस्त्यावरचं रक्त, गाडीच्या घसरल्याच्या खुणा, अंतरं, सगळं पंचनाम्यात. पंच म्हणून जवळच्या ढाब्यावरचे दोघे, जे पुढे कोर्टात काय बोलतील याचा भरवसा नाही. खुनाचा गुन्हा दाखल होऊन अटक होऊ शकते, मग जामीन, मग खटला. गुरानं हंबरावं तसा तुमचा फोन वाजत राहतो आणि तो उचलायला तुम्ही मोकळे नसता. शेवटी सुटलात तरी कापसाचे काही हंगाम गेलेले असतात.

म्हणूनच घर आणि रस्ता यांत मी फरक करतो. मळ्यातल्या घरात भिंत आहे, दार आहे, कुत्रं भुंकतं. दार तोडायला त्यांना वेळ लागतो आणि तोच वेळ तुम्हाला मिळतो: 112 ला फोन करायला, माळ्यावर चढायला, बाकीच्यांना आतल्या खोलीत न्यायला. तिथे दुनळीचा नुसता आवाजही काम करतो. यावल-चोपड्याकडे केळीला रात्री पाणी भरायला जाणारा शेतकरी बिबट्याच्या भीतीनं बंदूक मागतो, त्याला मात्र मी वेगळं सांगतो. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्यावर बार काढलात तर नवीनच प्रकरण उभं राहील. दिवसा थ्री फेज वीज मागा, तो खरा उपाय आहे.

अमेरिकेचा दाखला हमखास दिला जातो. तिथे 1791 पासून घटनेतच शस्त्राचा हक्क आहे आणि 2022 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा, ‘बाहेर हत्यार बाळगायला खास कारण दाखवा’ असं म्हणणारा जुना कायदा रद्द केला. आपल्याकडची ‘सबळ कारणा’ची अट साधारण त्याच जातीची. तिथले संशोधकही आपसांत भांडतात. गॅरी क्लेक यांनी 1995 मध्ये काढलं की लोक वर्षाला 25 लाख वेळा बंदुकीने स्वतःचा बचाव करतात. सरकारी पीडित-सर्वेक्षणातला आकडा त्याच्या कितीतरी खाली. आर्थर केलरमन यांनी 1993 मध्ये दाखवलं की ज्या घरात बंदूक, तिथे घरातच खून होण्याचा धोका 2.7 पट. टीकाकार म्हणाले, ज्यांना आधीच धोका असतो तेच बंदूक घेतात, मग दोष बंदुकीचा कसा? टीकेत तथ्य आहे. मला मात्र तिथला एकच आकडा हलवून सोडतो. 2021 मध्ये अमेरिकेत गोळीने 48,830 माणसं मेली, त्यांतल्या 26,328 आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त लोकांनी हत्यार स्वतःवरच चालवलं.

आपल्याकडे कापसाचा भाव पडला, जिनिंगवाल्याने पैसे अडकवले, उधारी बुडाली की व्यापाऱ्याच्या घरात रात्री काय शांतता असते हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून तुमच्या पत्नीचा विरोध मी हसण्यावारी नेणार नाही. रस्त्यावरचा लुटारू वर्षांत एकदा आला तर येईल. त्या घरात तुम्ही, तरुण मुलगा आणि भावकीतली भांडणं रोज आहेत. कोणताही निर्णय घेण्याआधी पत्नीला प्रश्न विचारू द्या. अर्जावर सही तुमची असली तरी किल्ली कुणाकडे राहील हे त्यांच्यासमोर ठरवा.

खरं औषध रोकड कमी करण्यात आहे, आणि ते तुम्हाला माहीत आहे. शेतकरी रोख मागतो कारण खात्यात पैसे गेले की बँक पीककर्जात वळते करून घेते, ही त्याची खरी अडचण. पण सगळ्यांचं खातं थकलेलं नसतं. निम्म्या शेतकऱ्यांना खात्यावर पैसे दिले तरी बॅग निम्मी होते. तसंही एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही. पैसे काढायचा वार, बँकेची शाखा आणि परतीचा रस्ता बदलत राहा. संध्याकाळी मोटरसायकलने एकट्याने येऊ नका, पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसा, रोकड सीटखाली वेगळी, हातातल्या बॅगेत थोडीच. धडक बसली तर बॅग सोडून द्या, उसात-तुरीत शिरा, 112 लावा. आणि आजवर कामावरून कमी केलेल्या माणसांची यादी एकदा शांतपणे आठवून बघा.

राहिला उमर्टीचा घोडा. चोपड्याच्या हद्दीला लागून मध्य प्रदेशातलं हे गाव गावठी पिस्तुलांसाठी बदनाम आहे, पुण्या-मुंबईत पकडलेल्या हत्यारांचा माग तिथवर जातो. तिथल्या कारागिरांच्या हातात कसब आहे, याबद्दल वाद नाही. पण गाडीच्या स्टेअरिंग रॉडची नळी कापून केलेलं, कुठेही चाचणी न झालेलं ते हत्यार कधी अडकेल आणि कधी तुमच्याच हातात फुटेल याची हमी कोण देणार? विनापरवाना बाळगल्याला 2019 पासून किमान दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच वर्षं कैद. बनवणाऱ्या-विकणाऱ्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत, आणि ‘आणून देणारा’ मित्रही त्यातच ओढला जातो. त्या पिस्तुलाने आधी कुणाचा खून झालाय हे तुम्हाला ठाऊक नसतं, प्रयोगशाळेला मात्र पुंगळीवरच्या खुणांवरून कळतं. आणि बेकायदा हत्यारानं तुम्ही खरोखर जीव वाचवलात, स्वसंरक्षण मान्यही झालं, तरी हत्यार बाळगल्याची शिक्षा वेगळी उभीच राहते.

मित्राला आगाऊ पैसे दिले नसतील तर आज स्पष्ट नाही म्हणा. दिले असतील तर सोडून द्या, मागायला चोपड्याला जाऊ नका. आणि वस्तू घरात आलीच असेल तर विहिरीत किंवा तापीत फेकू नका, पुरावा नष्ट केल्याचं आणखी एक कलम लागतं. कुणाच्या खळ्यात लपवायला देऊ नका, तो बिचारा फुकट अडकेल. फोनवर एक अक्षर न बोलता आधी वकिलाकडे जा, माझ्याकडे नसेल यायचं तर दुसऱ्या कुणाकडेही, आणि ते पोलिसांकडे कसं जमा करायचं हे त्याला ठरवू द्या.